विजयकर बाईंच्या जोड्या

मी शिवणाची बाई. इंग्रजीशी माझा संबंध शिलाईच्या मशीनवर कोरलेल्या अक्षरांपुरता. पण अलायन्स, लीग, कोअलिशन आणि पार्टनरशिप यांतला फरक मला आजही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. माझा वर्ग आणि विजयकर बाईंचा इंग्रजीचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं, आणि बाईंचा आवाज असा खणखणीत, की माझ्या मुली हातशिलाई घालता घालता अर्धं इंग्रजी शिकायच्या. मीही शिकले. न शिकून सांगते कुणाला!

आमची शाळा लालबाग आणि परळच्या मध्ये. मुली दोन तऱ्हेच्या. गिरणीत कामाला असणाऱ्या कोकणातल्या घरांच्या मुली चाळींतून यायच्या आणि दादरच्या शाळांत जागा न मिळालेल्या कारकुनांच्या मुली तिकडून चालत यायच्या. या दोन तऱ्हा एका बाकावर बसायच्या नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, पण बसायच्या नाहीत. विजयकर बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळा वर्ग उठवून उभा केला. एक दादरची, एक लालबागची, अशा जोड्या लावल्या आणि जाहीर केलं, की वर्षभर हीच जोडी. परीक्षेत दोघींच्या गुणांची सरासरी काढायची आणि तीच दोघींच्या नावापुढे मांडायची. एक गैरहजर राहिली, तर दुसरीने त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन धडा शिकवायचा. वही नेऊन टाकायची नाही. समोर बसून, तोंडानं शिकवायचा.

आम्ही शिक्षकखोलीत हसलो. असली थेरं दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, असं मीच म्हटलं होतं.

बाई गिरगावच्या पाठारे प्रभू. एके काळी घराण्याची तिथे वाडी होती, ती आजोबांनी विकली, आणि आता बाई भावाच्या घरात एका खोलीत राहत. लग्न केलं नव्हतं. खळीची पांढरी साडी, हातात छत्री, गळ्यात काही नाही. का केलं नाही लग्न, असं आमच्या चित्रकलेच्या बाईंनी एकदा लाडात येऊन विचारलं, तर म्हणाल्या, "मी कुठल्याच करारात नाही हो. त्यामुळे मला सगळे करार नीट दिसतात." यापुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दर बुधवारी त्यांच्या डब्यात मासे असत. शिक्षकखोलीतल्या शाकाहारी मंडळींनी नाकं मुरडली, मुख्याध्यापिकेपर्यंत तक्रार गेली. बाईंनी डबा उचलला, खिडकीशी जाऊन बसल्या, शांतपणे जेवल्या. मला हाक मारली, "सावंतबाई, तुम्ही मालवणच्या ना? या, भुजणं चाखा आमचं." मी गेले. तेव्हापासून बुधवारी आम्ही दोघी खिडकीशी. मैत्री म्हणायची तर एवढीच. त्या मला "अगं" कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही त्यांना कधी नावानं हाक मारली नाही.

नेमकं बोला, हा त्यांचा ध्यास. 'साधारण', 'म्हणजे कसं की', 'असंच आपलं' हे शब्द कानावर आले की त्यांची भिवई वर जायची. मुलगी "बाई, साधारण समजलं" म्हणाली, तर "कुठपर्यंत समजलं तिथे बोट ठेव" म्हणायच्या. शिपायानं "मघाशी कोणीतरी येऊन गेलं" सांगितलं, तर त्या बिचाऱ्याची उलटतपासणी. शिपाई त्यांना पाहून जिन्याखाली लपायचा, खोटं सांगत नाही.

आणि ते शब्द. बाईंचा सगळ्यांत लाडका धडा तो. लीग म्हणजे गणपतीची वर्गणी, त्या सांगायच्या. गणपती आहे तोवर सगळी चाळ एक, विसर्जन झालं की पुन्हा नळावर भांडण. कोअलिशन म्हणजे पाऊस लागला म्हणून एका पायरीवर बसलेले कुत्रा आणि मांजर. पार्टनरशिप म्हणजे नाक्यावरच्या इराण्याचं हॉटेल, नफाही दोघांचा, नुकसानही दोघांचं. "आणि युनियन?" असं विचारलं की लालबागच्या मुली बाकं वाजवायच्या, "ते आम्हांला ठाऊक आहे बाई!" बाई हसू दाबायच्या. मग आवाज खाली आणून अलायन्सवर यायच्या. दोन घरं, दोन चुली, दोन तोंडांच्या दोन चवी. पण एकावर आलं तर दुसऱ्यानं धावायचं, मग आपल्या चुलीवर काही का शिजत असेना. "तुमच्या जोड्या या अलायन्स आहेत," त्या म्हणायच्या. "गुण मी पार्टनरशिपसारखे वाटते ते तुम्हांला सवय लागावी म्हणून."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या भागातल्या सगळ्या पक्षांनी मिळून एक कमिटी केली होती, आणि दिल्लीला इंग्रजीत निवेदन धाडायचं म्हणून ते लोक बाईंकडे आले. पुढे घाडीगावकर. हा गिरणीतलाच माणूस, मनानं स्वच्छ, पण बोलू लागला की समोर सभा आहे असंच समजायचा. कमिटीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर शाळेच्या व्हरांड्यात त्या चौघा-पाच जणांत जुंपली. एकाला फ्रंट हवं, एकाला लीग नको, कारण त्या शब्दानं त्याला भलतंच काही आठवायचं. तिसऱ्याला युनियन पाहिजे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं कोअलिशन आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय बाई?"

"काम झालं की मोडणारं."

घाडीगावकर लालेलाल झाला. "आम्ही जीव द्यायला निघालोय आणि तुम्ही मोडण्याची भाषा करता?"

"जीव द्या हो. पण नाव खरं द्या," बाई म्हणाल्या आणि निवेदन लिहून दिलं. सुरेख दिलं म्हणतात. त्यात कोअलिशन हा शब्द घातला नाही, घाडीगावकरच्या मनासारखा दुसरा घातला, पण घालताना त्यांचा चेहरा दात दुखतोय असा झाला होता.

आता कुसुम आणि सुधा. कुसुम परब माझ्याच चाळीतली, वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे. सुधा लिमये दादरची, वडील कुठल्याशा कंपनीत हेडक्लार्क. कुसुमचा टाका मेला कधी सरळ पडला नाही. मी उसवायला लावलं की म्हणायची, "बाई, झंपर आतून कोण बघतंय?" दहा वेळा ओरडावं आणि अकराव्या वेळी आपणच हसावं, अशी पोर. सुधा व्याकरणात पक्की, पण चारचौघांत तोंड उघडायचं तर रडवेली व्हायची. पहिल्या चाचणीत कुसुमनं सरासरीचा पार बोऱ्या वाजवला आणि लिमये शाळेत आले. "माझ्या मुलीचे मार्क तुम्ही कापता कशा?"

"कापले नाहीत, वाटले," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी काल वर्गापुढे उभी राहून पाच वाक्यं बोलली. ती कोणी तिला शिकवली, विचारा घरी जाऊन."

लिमये गेले ते पुन्हा आले नाहीत. दिवाळी उलटली, जोड्या टिकल्या. पुढे पुढे तर सुधा फणसपोळी खायला कुसुमकडे आणि कुसुम गोष्टींची पुस्तकं वाचायला सुधाकडे, अशी ये-जा रोजचीच झाली. थेरं म्हणाले होते मी. शब्द मागे घेतला.

जानेवारीत हवा बिघडली. नाक्यानाक्यावर घोळके, दगड, पोलिसांच्या गाड्या. लिमयांनी सुधाला घरी ठेवून घेतलं. शाळा कशीबशी चालू होती. त्या सोमवारी पार्टिशनपलीकडून मी ऐकलं ते असं.

"कुसुम, सुधाला शुक्रवारचा धडा पोचला?"

"नाही बाई."

"का?"

"आई सोडत नाही. रस्त्यात दगड पडतायत."

"दगड पडतात तेव्हाच अलायन्स लागतो. एरवी कोणीही कोणाचं असतं. उद्या पोचला पाहिजे."

"हो बाई."

मी हातातलं कापड कातरत होते. ऐकलं आणि पुढे कातरत राहिले. बाई तशा बोलायच्याच.

त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. पुढचं काय सांगायचं! ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बंद, गिरण्या बंद, ट्राम बंद. दुपारी आम्ही बायका ओली फडकी डोळ्यांवर धरून गॅलरीत बसलो होतो, धुरानं डोळ्यांची आग होत होती. आवाज आले ते आधी फटाक्यांसारखे वाटले. मग परळच्या बाजूनं माणसं पळत आली. दिवेलागणीच्या सुमाराला घाडीगावकर चाळीच्या दारात आला आणि परबांचं नाव घेऊन रडायला लागला, तेव्हा आम्हांला वाटलं परब गेले. परब तर त्याच्या मागेच उभे होते. कुसुम गेली होती.

परळच्या नाक्याच्या अलीकडे घोळक्यावर गोळीबार झाला, त्यात ती सापडली. हातात काही नव्हतं. ना दप्तर, ना वही, ना पिशवी. मग ती घराबाहेर का पडली होती? कमिटीच्या लोकांनी आपसांत ठरवूनच टाकलं, की मोर्चात सामील व्हायला. शाळकरी मुलगी, रिकाम्या हातांनी गोळीला सामोरी गेली. भिंतीवर तिचं नाव लागलं, हुतात्म्यांत गणलं गेलं. मी म्हटलं असेल तसं. डोकं चालवायची कुणाची ताकद होती त्या दिवसांत?

संचारबंदी सैल झाली त्या सकाळी विजयकर बाई गिरगावहून पायी आल्या. शाळेत कोणी नाही, म्हणून थेट माझ्या खोलीवर. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"सावंतबाई, तिचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"बाई! हे काय विचारता?"

"दादरकडे निघाली होती का परत येत होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या तशाच उठल्या आणि दादरला लिमयांकडे गेल्या. कुसुम तिथे पोचलीच नव्हती. सुधाला ती येणार हेही ठाऊक नव्हतं.

शाळा उघडली. बाईंनी बाकं दूर दूर लावून घेतली आणि एकेका मुलीला एकेक बाक दिलं. कारण सांगितलं नाही. सुधा भिंतीकडच्या बाकावर बसायची आणि तासभर बाकाच्या एकाच कडेवर नखानं रेघ ओढत राहायची. बाई शिकवत होत्या, पण पार्टिशनपलीकडून मला त्या ऐकू येईनाशा झाल्या. एवढा खणखणीत आवाज गेला कुठे, कोण जाणे. बुधवारी डबा उघडायच्या, माझ्यापुढे सरकवायच्या आणि स्वतः छत्रीच्या मुठीवर हात ठेवून बसायच्या. माझा राग राग व्हायचा. त्यांचाही, माझाही, ज्यानं बंदूक रोखली त्याचाही. कुणावर काढणार?

घाडीगावकर आला. शोकसभा होती, आणि कुसुमच्या इंग्रजीच्या बाईंनी दोन शब्द बोलावेत असं लोकांच्या मनात होतं.

"मला जे माहीत नाही ते मी बोलत नाही," बाई म्हणाल्या.

"काय माहीत नाही? संयुक्त महाराष्ट्रासाठी गेली पोर!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मी तिच्या आईवडिलांना सांगणार आहे. ती माझ्या सांगण्यावरून बाहेर पडली. त्यांना ते कळायला हवं."

"कशाला? त्यानं ती परत येणार आहे?"

"त्यांची मुलगी कशानं गेली हे त्यांना माहीत नाही आणि मला माहीत आहे. असं कसं चालेल?"

"चालतंय ते चालू द्या हो! परब आत्ता कुठे उठून उभे राहिलेत. तुम्हांला तुमचं ओझं उतरवायचंय, ते त्यांच्या डोक्यावर?" मी बरंच काही बोलले. बोलायला नको होतं असं नाही म्हणणार. त्या वेळी मला तेच खरं वाटत होतं. बाईंनी ऐकून घेतलं, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर आलात तर बरं. नाही आलात तरी मी जाईन."

गेले. कशी न जाणार?

परब पाळीवर गेले होते. कुसुमची आई एकटीच होती, तांदूळ निवडत बसलेली. भिंतीवर कुसुमचा शाळेच्या ग्रुप फोटोतून मोठा करून घेतलेला फोटो, त्याला हार. मोठा करताना चेहरा इतका धूसर झाला होता की ती कुसुमच आहे हे सांगावं लागलं असतं. कुसुमच्या आईनं पदर सारखा केला, पाट दिला. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्या, परीक्षेत उत्तर द्यावं तसं सगळं सांगितलं. सोमवारी काय विचारलं, कुसुम काय म्हणाली, स्वतः काय म्हणाल्या. एक शब्द मऊ केला नाही. "ती मोर्चाला गेली नव्हती. माझा धडा द्यायला निघाली होती. माझ्यामुळे गेली."

कुसुमची आई तांदळात बोटं फिरवत राहिली. खडा सापडला, तो बाजूला टाकला.

"माका म्हायत आसा, बाईनू," ती म्हणाली. "माका सांगानच गेलला चेडू. सुधाकडे जातंय म्हणान. मी नको म्हटलंय. आयकूक नाय."

बाई पाटावर बसल्या.

"मग तुम्ही कोणाला..."

"कोणाक सांगतलंय? आनी सांगान काय होताला?" तिनं सूप खाली ठेवलं. "त्या सुधाचां नाव निघालां तर लोक तिका जन्मभर सोडूचे नाय. तुमकाय सोडूचे नाय. आनी हेंका..." तिनं खुंटीवरच्या परबांच्या सदऱ्याकडे मान वळवली. "चार दिवस अन्नाक शिवाक नाय. कमिटीच्या लोकांनी फोटोक हार घातल्यानी, तेवा खंय दोन घास खाल्ल्यानी. पोरगी देशाच्या कामाक इली म्हणतत. तां तेंच्याकडसून काढून घेव नकात."

खाली नळावर कळश्यांचा खणखणाट चालला होता. बाई म्हणाल्या, "नाही सांगणार कोणाला."

"नुसतां तेवढां नको," कुसुमची आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मी चांगली ओळखत होते तिला. ती मागत होती आणि नाही ऐकणार नव्हती. "वर्षान सभा आसतली. तेवा तुमीच बोला. घाडीगावकर काय कोणाचांय सांगता. तिची बाई बोलली म्हणजे हेंका खरां वाटात."

मी बाईंकडे बघू शकले नाही. जी बाई शिपायाला 'कोणीतरी' म्हणू देत नव्हती, तिच्याकडे हे मागणं! मनातून मी म्हणत होते, नाही म्हणा, विजयकर बाई, एकदा तरी स्वतःसाठी नाही म्हणा.

"बोलेन," बाई म्हणाल्या.

वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. सुधाला त्यांनी रोज शाळा सुटल्यावर समोर बसवून घेतलं, शिकवलं, मॅट्रिकला बसायला लावलं. कुसुमचा विषय दोघींत निघाला का, मला माहीत नाही. पार्टिशनपलीकडून नुसती इंग्रजी वाक्यं ऐकू यायची. बाईंचे केस त्या वर्षात पांढरे झाले. शाळा सोडण्याचा अर्ज त्यांनी दिला होता, ते आम्हांला मागाहून कळलं.

सभा चाळीच्या नाक्यावर होती. बाकड्यांचं व्यासपीठ, पताका, पेट्रोमॅक्स. माणसं पार रस्त्यापर्यंत. परब पुढच्या रांगेत नवी टोपी घालून, शेजारी कुसुमची आई, हात मांडीवर. लिमये सुधाला घेऊन आले होते आणि मागे कडेला उभे होते. घाडीगावकरनं त्याच्या पद्धतीचं भाषण ठोकलं, लोकांनी घोषणा दिल्या. मग बाईंचं नाव पुकारलं.

बाई उभ्या राहिल्या. छत्री खुर्चीला लावून ठेवली. कागद नव्हता. क्षणभर वाटलं, त्या खरं सांगून मोकळ्या होणार, आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले.

"कुसुम परब माझी विद्यार्थिनी," त्या म्हणाल्या. एक वर्ष गेलेला तो आवाज परत आला होता, अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. "त्या दिवशी ती घरातून निघाली ती मोर्चासाठी. संयुक्त महाराष्ट्रासाठी. आदल्या दिवशी वर्गात तिनं मला तसं सांगितलं होतं. मी तिला थांबवलं नाही, कारण तिला कशासाठी जायचं आहे हे तिला पक्कं माहीत होतं."

एकेक शब्द सुटा, स्पष्ट. अडखळल्या नाहीत. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कुसुमच्या आईनं पदर तोंडाला लावला. मागे सुधानं वडिलांच्या बाहीत तोंड खुपसलं.

बाई खाली उतरल्या. गर्दीतून वाट काढत परब पुढे आले. उंच, थोराड माणूस, साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेले, म्हणून नेहमी ओरडून बोलायचे. त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांदेखत वाकून बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, तुम्ही घडवलीत हो तिला!" ते म्हणाले, आणि अख्ख्या नाक्यानं ते ऐकलं. "ह्यां सगळां तुमच्यामुळे!"

मी धावले, त्यांना उठवायला. बाईंनी हातानंच मला थांबवलं. परब मनसोक्त रडून उठेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.